पोथीत लिहिलंय म्हणून देव आहे का? तुमचे अनुभव लिहा

खानापूरच्या बाई
आमच्या गावात दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. यंदा भावाची नात, सातवीतली, पहिल्यांदाच वाचायला बसली होती. तिसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर पत्रावळ्या गोळा करता करता ती म्हणाली, "आज्जी, देव आहे कशावरून? पोथीत लिहिलंय. पोथी खरी कशावरून? देवाची आहे म्हणून. असं कसं चालेल?" मी ३३ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. तरी "मोठी झालीस की कळेल" एवढंच तोंडातून निघालं. ज्या उत्तराबद्दल मी दुसऱ्या शिक्षकांना रागवायची, तेच मी दिलं. त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून हा धागा काढते आहे. कोणाला हरवायचं नाही. ग्रंथ वाचताना, ऐकताना, पाठ करताना तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. विश्वास बसला असेल तरी लिहा, उडाला असेल तरी लिहा. धर्म कुठलाही चालेल. आपल्या सीमाभागात एकाच गल्लीत तीन-चार धर्मांचे ग्रंथ असतात, तेव्हा अनुभव कमी पडू नयेत.

बाँड रायटर, बेळगाव
बाई, मी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतो. पुरावा हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. कागद दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असं नसतं. सही करताना हजर असलेला किंवा अक्षर ओळखणारा माणूस साक्षीला उभा करावा लागतो. कागद ३० वर्षांहून जुना असेल आणि तो जिथं असायला हवा तिथूनच आला असेल, तर कोर्ट त्यावरची सही खरी धरू शकतं. पण सही खरी ठरली म्हणून आतला मजकूर खरा ठरत नाही. खरेदीपत्रात सव्वादोन एकर आणि मोजणीत दीड, असे कज्जे मी कितीतरी पाहिलेत.

आमच्या घरी पणजोबांनी हातानं उतरवून घेतलेली अभंगांची वही आहे. जुनी आहे, आमच्याच ताब्यात आहे, अक्षर त्यांचंच आहे. त्यावरून सिद्ध काय होतं? पणजोबांची श्रद्धा होती, एवढंच. देव त्या वहीनं सिद्ध होत नाही, हे मी माझ्या धंद्याला स्मरून सांगतो. पण मुलीची पाठवणी झाली त्या रात्री घर खायला उठलं होतं, तेव्हा मी तीच वही काढून पहाटेपर्यंत वाचत बसलो. पुरावा म्हणून ती मी कधी उघडलेलीच नाही.

शहापूरकर
मी संस्कृत शिकवत असे. तुमच्या नातीनं जो दोष पकडला त्याला आपल्याकडं अन्योन्याश्रय म्हणतात: दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या. तिला सांगा, तिच्या आधी फार मोठ्या लोकांनी तो पकडलाय. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, चार प्रमाणं (ज्ञानाची साधनं) मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासू जाणत्याचं वाक्य. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडं काहीच मानलं नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला घेतला तेव्हा वेदवाक्यावर थांबून भागलं नाही. जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला कर्ता हवा, अशा अनुमानाची बांधणी त्यांना करावी लागली.

मला हादरवलं ते मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणाऱ्यांनी. वेदाचा अधिकार सगळ्यांत कडकपणे मानणारे हेच, आणि त्यांना ईश्वराची गरजच नाही! वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीच रचलेला नाही, देवानंही नाही. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी तर जगाचा कोणी निर्माता आहे या कल्पनेचंच खंडन केलंय. विसाव्या वर्षी मी हे वडिलांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. वडील भिक्षुकी करायचे. वाटलं, चिडतील. त्यांनी गीतेवरचं शांकरभाष्य काढलं, अठरावा अध्याय उघडला आणि बोट ठेवलं. शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवाक्यांनी, 'अग्नी थंड आहे' असं सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही, असं आचार्य तिथं म्हणतात. मग वडील म्हणाले, "डोळ्यांना दिसतं तिथं शास्त्राला साक्षीला बोलावू नये. पण जे दिसणारच नाही तिथं शास्त्राशिवाय दुसरं काय आहे, ते तू शोधून मला सांग." ते जाऊन २० वर्षं झाली. मी अजून शोधतोय.

सदलगेकर
मी जैन, शेती करतो. आचार्य विद्यासागर महाराज १९४६ साली जन्मले ते आमच्याच गावात. आमच्याकडं शास्त्र आहे, बस्तीत (जैन मंदिरात) रोज स्वाध्याय आहे, पण जग निर्माण करणारा देव नाही. त्यामुळं ग्रंथ म्हटला की देवाचा पुरावा आलाच, हे मला लहानपणापासून समजत नसे. शाळेत मित्र विचारायचे, "मग तुम्ही हात कुणाला जोडता?" मी म्हणायचो, जो जिंकला त्याला. जिन म्हणजे स्वतःला जिंकलेला.

पण नातीचा प्रश्न आम्हालाही चुकत नाही. शास्त्र खरं का, तर ते सर्वज्ञ जिनांची वाणी आहे. जिन सर्वज्ञ होते कशावरून? शास्त्रावरून. हे मी पर्युषणात आमच्या पंडितजींना विचारलं. त्यांनी वेगळंच सांगितलं. आम्ही दिगंबर तर मूळ अंगग्रंथ, म्हणजे सगळ्यांत जुनी शास्त्रं, लुप्त झाले असंच मानतो. आठवणीत उरलं होतं ते धरसेनाचार्यांनी दोन मुनींना शिकवलं, त्यातून षट्खंडागम झाला, आणि त्याची ताडपत्रं मूडबिद्रीला जपली गेली. "आपलं बरंचसं हरवलंय हे कबूल करणारी परंपरा आहे ही," पंडितजी म्हणाले. त्या दिवसापासून माझा शास्त्रावरचा विश्वास वाढला. का वाढला, ते नीट सांगता येत नाही.

कृष्णाकाठची
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी १९ वर्षांची असताना वडील आजारी पडले. पोथीच्या शेवटी फलश्रुती होती: सात दिवस वाचा, रोग हरेल. मी सोवळ्यात, एकभुक्त राहून वाचलं. सहाव्या दिवशी दुपारी वडील गेले. सुतक लागलं, पोथी बंद झाली. दिवसाला आलेले एक नातेवाईक म्हणाले, "उच्चारात कुठंतरी चूक झाली असणार." रडू थांबलं माझं. मनात आलं, वडील बरे झाले असते तर पोथी खरी, आणि गेले तर मी चुकले. म्हणजे पोथी कधीच खोटी ठरणार नाही. मग ती खरी तरी कशी ठरायची?

सातव्या दिवसाचे अध्याय मी आजवर वाचलेले नाहीत. पोथी टाकलीही नाही. ट्रंकेत लाल कापडात आहे.

खानापूरच्या बाई
बाळ, तुझी काही चूक नव्हती. हे तुला त्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं.

कॅम्पातला दर्जी
मी मुसलमान, शिक्षण सातवीपर्यंत मराठी शाळेत. कुराण लहानपणी अरबीत पाठ केलं, अर्थ न कळता. सूरा बकरामध्ये आव्हान आहे: शंका असेल तर यासारखी एक तरी सूरा रचून आणा. आलिम, म्हणजे धर्मपंडित, हाच पुरावा सांगतात. पण अरबी न कळणाऱ्या मी तो तोलायचा कसा? चाळिशीत मराठी भाषांतर वाचलं. तिथं जागोजागी पाऊस, मेलेल्या जमिनीतून उगवणारं हिरवं, दिवसामागून येणारी रात्र यांच्याकडं बोट दाखवलंय. 'आयत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत हेही तेव्हा कळलं: ग्रंथातलं वाक्य आणि खूण. मृगाचा पहिला पाऊस पडला की मी मशीन थांबवून दारात उभा राहतो.

येळ्ळूरचा वारकरी (नातू लिहून देतोय)
मला वाचता येत नाही. त्यामुळं पोथीवरून देव मानायचा प्रश्नच आला नाही. आई जात्यावर म्हणायची, ते ऐकलं. आई खोटं बोलत नव्हती.

शहापूरकर
आबा, आप्तवाक्य म्हणजे काय ते मी वर्गात तासभर समजावत असे. तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत.

खानापूरच्या बाई
नातीला सगळं वाचून दाखवलं. मग दोघींनी ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी काढली: 'ॐ नमोजी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा'. वेदांनी ज्याचं प्रतिपादन केलं तो, आणि ज्याचा त्यालाच अनुभवता येतो तो. १२९० साली लिहून झालेल्या ग्रंथाच्या पहिल्या ओळीत माउलींनी दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत, आणि मी इतकी वर्षं ते घाईघाईनं म्हणून पुढं जात होते. नात म्हणाली, "वेदांचं कळलं. स्वसंवेद्य कसं व्हायचं, ते कुठल्या अध्यायात आहे?" आता सहावा अध्याय तिच्यासोबत पुन्हा, सावकाश वाचते आहे.

तिचं आणखी एक मागणं आहे. लिंगायत शेजाऱ्यांपैकी कोणी बसवण्णा आणि इतर शरणांच्या कन्नड वचनांबद्दल लिहाल का? हळकट्टींनी गोळा केलेल्या वचनांचं पुस्तक, वचनशास्त्रसार, १९२३ साली आपल्या बेळगावातच छापलं गेलं, हे तिला सांगितल्यापासून ती कन्नड बाराखडी गिरवते आहे. ख्रिस्ती वाचकांनीही लिहावं. आठवडाभर वाट बघतो.