जर्मनच्या वर्गात प्रौढांना बोलण्याच्या ‘युक्त्या’ शिकवाव्यात का?

वळसा_घ्या
काल एकांनी लिहिलं, ‘युक्त्या-बिक्त्यांत वेळ घालवू नका. व्याकरण पक्कं करा, तोंड आपोआप सुटतं.’ नाही सुटत! लेखीत उत्तम गुण मिळवणारी माणसं बोलताना एका शब्दावर अडतात आणि गप्प होतात. अडल्यावर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

‘कात्री’ला शब्द आठवत नाही? ‘एट्वास, वोमिट मान पापियर श्नायडेट’ म्हणा, म्हणजे असं काहीतरी, ज्याने कागद कापतात. हा वळसा शिक्षकाने आधी फळ्यापाशी मोठ्याने विचार करत दाखवायचा: वस्तू की माणूस, कशासाठी, कुठे सापडते. मग जोड्या पाडून प्रत्येकाला पाच चित्रं द्यायची, नाव घ्यायला बंदी. शेवटी एकच विषय तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना ४, ३ आणि २ मिनिटांत सांगायचा. आठवड्याला युक्ती एकच. रेबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० साली मांडलेले भाषा शिकण्याच्या युक्त्यांचे सहाही गट एका तासात उरकले तर कुणाच्याच हाती काही लागत नाही.

प्रत्यय_आधी
‘वोमिट’ आणि शेवटी क्रियापद हे ज्याला जमतं त्याला कात्रीचा शब्द पाठ करणं जड आहे का? ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या माणसाकडे वळसा घ्यायलाही शब्द नसतात. आणि ४-३-२ मध्ये वेग वाढतो हे खरं, पण घाईत तीच चूक तीनदा घोटली जाते. ती नंतर काढायला महिने लागतात. शिवाय वर्ग ९० मिनिटांचा आणि माणसं २४. त्यातली २० मिनिटं युक्त्यांना कुठून आणायची?

वळसा_घ्या
हिशेब तुम्हीच करा. एकेकाला उभं केलंत तर शिक्षक अवाक्षर न बोलताही माणशी पावणेचार मिनिटं. जोड्यांत २० मिनिटं दिलीत तर प्रत्येकाला दहा मिळतात.

तो_ती_ते
तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. आपल्याकडे जर्मन इंग्रजीतून शिकवतात, हाच घोळ आहे! ‘ज्याने कागद कापतात’ यात क्रियापद शेवटीच आहे ना? मराठी माणूस मराठीतून विचार करेल तर वरचं वाक्य सरळ उतरेल. इंग्रजीतून गेला की ‘वोमिट मान श्नायडेट पापियर’ म्हणतो. जर्मनसारखी तीन लिंगं आपल्याला लहानपणापासून ठाऊक. ‘त्साइट’चा (वेळ) पहिला उच्चारसुद्धा ‘चांगला’तल्या ‘च’चा. एवढं घरात असून आपण इंग्रजीच्या दारात उभे.

प्रत्यय_आधी
अर्धंच सांगताय. लिंगं तीन, पण जुळतात कुठे? सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये ‘डी झोनं’, म्हणजे ती. आणि साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवं, तिथे मराठीच नडते: ‘मी आज पुण्याला जातो’चं ‘इश हॉयटं नाख पुणे फारं’ असं चुकीचं वाक्य होतं. वर्गात मल्याळी, गुजराती बसलेले असतात, त्यांनी काय करायचं? वर्गात अस्मितेची भांडणं नकोत.

तो_ती_ते
अस्मिता कुठून आली? मी वाक्यरचनेबद्दल बोलतोय, तुम्ही माझ्या हेतूवर घसरलात. मल्याळममध्येही क्रियापद शेवटीच येतं, गुजरातीत लिंगंही तीनच आहेत. ‘इश हाबं गेस्टर्न आइन बुख गेकाउफ्ट’ (मी काल एक पुस्तक विकत घेतलं) यातलं ‘गेकाउफ्ट’ शेवटी का, हे या तिघांनाही इंग्रजीवाल्यापेक्षा लवकर कळेल. प्रत्येकाला आपापल्या भाषेशी ताडून बघायला लावणं हीसुद्धा युक्तीच आहे.

प्रत्यय_आधी
‘वाइल’ (कारण), ‘डास’ (की) आणि ‘वोमिट’ (ज्याने) यांच्या वाक्यांपुरतं मान्य. दुसऱ्या जागेच्या क्रियापदाचा सराव वेगळाच घ्यावा लागेल, तिथे मातृभाषेच्या भरवशावर राहू नका.

वळसा_घ्या
गाडी मूळ प्रश्नावर आणतो. ग्योथं संस्थेच्या बी-वन, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या तोंडी परीक्षेचा दुसरा भाग घ्या. सादरीकरण घोकलेलं असतं, ते धडधड म्हणून होतं. मग तिसऱ्या भागात जोडीदार किंवा परीक्षक प्रश्न विचारतो आणि शांतता पसरते. प्रश्न कळला नाही तर ‘मायनन झी…?’ (तुम्हाला असं म्हणायचंय का…?) म्हणून तो आपल्या शब्दांत परत विचारायचा, हे दोन शब्द शिकवायला किती वेळ लागतो? पण ते आधी वीस वेळा तोंडातून गेलेले हवेत, नाहीतर ऐनवेळी आठवत नाहीत.

प्रत्यय_आधी
बरं. ए-टूपासून, म्हणजे दुसऱ्या पातळीपासून, आठवड्याला एक युक्ती, २० मिनिटं. पण ४-३-२ च्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये थांबून प्रत्येकाची एकच चूक दुरुस्त करायची. ते करणार नसाल तर माझा विरोध कायम आहे.

वळसा_घ्या
करू. चूक जोडीदाराने चिठ्ठीवर लिहून द्यायची, शिक्षकाने फक्त त्या चिठ्ठ्या बघत फिरायचं.