आजारी मुलासाठी डॉक्टरांना घरी बोलावणे : नागपुरातील पालकांचा अनुभव आणि सल्ला हवा आहे

प्रश्न : दोन लेकरांची आई, मनीषनगर

नमस्कार. माझी मोठी मुलगी तीन वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा आज पाच आठवड्यांचा झाला. यजमान नोकरीनिमित्त चंद्रपूरला असतात व शनिवारी-रविवारीच घरी येतात. सासूबाई सोबत आहेत, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना जिना उतरणे अवघड जाते.

मागच्या आठवड्यात मुलीला ताप आला. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना रामदासपेठेत आहे. तेथे सकाळी लवकर नंबर लावला तरी पावसाळ्याच्या दिवसांत दीड-दोन तास बसावे लागते, आणि बाळ अंगावर पीत असल्यामुळे त्याला घरी ठेवून जाता येत नाही. खोकणाऱ्या, तापाने फणफणलेल्या मुलांच्या गर्दीत एवढ्याशा जिवाला मांडीवर घेऊन बसण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून घरी डॉक्टर पाठवणाऱ्या एका सेवेकडे मी मोबाइलवरून नोंदणी केली.

डॉक्टर तीन तासांनी आले. त्यांनी मुलीचे वजन केले नाही, ‘साधारण किती असेल?’ एवढे विचारले. स्टेथोस्कोप फ्रॉकवरूनच लावला, घसा पाहिला, कान पाहिले नाहीत. पाच-सात मिनिटांत त्यांनी प्रतिजैविक, खोकल्याचे औषध आणि तापाचे औषध लिहून दिले आणि ताप लवकर उतरावा म्हणून इंजेक्शन देऊ का, असे विचारले. मी नको म्हटले. चिठ्ठीवर त्यांचे नाव होते, पण नोंदणी क्रमांक नव्हता. प्रतिजैविक मी दिले नाही. मुलगी तीन दिवसांत बरी झाली, परंतु न देण्यात आपण चूक तर करत नाही ना, या विचाराने त्या तीन रात्री मला झोप लागली नाही.

मला मनापासून विचारायचे आहे की, लहान मुलांसाठी डॉक्टरांना घरी बोलावणे योग्य आहे का, बोलावल्यावर ते काय-काय तपासतात याकडे आईने कसे लक्ष द्यावे, आणि कोणत्या परिस्थितीत त्यांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, धंतोली

ताई, तुमची अडचण खरी आहे आणि नवजात बाळाला गर्दीत न नेण्याचा तुमचा विचारही बरोबर आहे. डॉक्टरांनी घरी जाऊन मूल तपासणे ही उत्तम गोष्ट आहे, मात्र घरी काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही, हे दोन्ही बाजूंनी नीट समजून घेतले पाहिजे.

घरी मूल आपल्या अंथरुणात, आईच्या कुशीत शांत असते, त्यामुळे काही गोष्टी दवाखान्यापेक्षा तेथेच अधिक चांगल्या कळतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे श्वास. मूल रडत नसताना, शक्यतो झोपलेले असताना, छातीवरचे कपडे बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा लागतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर श्वास जलद आहे असे आम्ही मानतो. ही मोजणी घड्याळ समोर ठेवून तुम्हालाही करता येते, आणि डॉक्टरांना फोन करताना हा आकडा सांगितलात तर समोरच्या माणसाचा निम्मा गोंधळ मिटतो. ज्या डॉक्टरांनी फ्रॉक वर न करता तपासले, त्यांना श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो की नाही हे दिसलेच नसणार. मला त्या तपासणीतील सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

दुसरी गोष्ट वजनाची. मुलांच्या औषधाचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी प्रतिकिलो १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, चार ते सहा तासांच्या अंतराने दिले जाते. बाजारात त्याच्या एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तेवढ्याच ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. ‘एक चमचा द्या’ असे कोणी सांगितले तर घरातल्या बाटलीनुसार मात्रा दुप्पट होऊ शकते. बाळांसाठीच्या थेंबांत तर औषध याहूनही तीव्र असते. म्हणून घरी आलेल्या डॉक्टरांनी वजन केलेच पाहिजे. काटा नसेल तर तुम्ही मुलीला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा आणि वजाबाकी करा. तीन वर्षांच्या मुलीसाठी तेवढे पुरते.

इंजेक्शन नाकारलेत हे योग्यच केले. तोंडावाटे औषध घेणाऱ्या मुलाला ताप उतरवण्यासाठी इंजेक्शनची गरज नसते, आणि कोणत्याही इंजेक्शनची तीव्र प्रतिक्रिया आली तर ती सावरण्याची तयारी तेथे असावी लागते. खोकल्याच्या औषधाविषयी तर विदर्भातील पालकांना वेगळे सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांची मूत्रपिंडे डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधामुळे निकामी झाली, आणि त्यांपैकी अनेक मुलांना उपचारासाठी आपल्याच शहरात आणले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवली जात नाहीत, याची आठवण सर्व डॉक्टरांना करून दिली.

प्रतिजैविकाबद्दल मुलीला न पाहता मी निकाल देणार नाही. सर्दीबरोबर येणारा बहुतेक ताप विषाणूंचा असतो आणि त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, हे खरे आहे. पण लिहून दिलेले औषध द्यायचे की नाही हे तीन रात्री एकटीने ठरवत बसण्यापेक्षा, त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी वाचून दाखवायला हवी होती. अशा फोनचा कोणताही बालरोगतज्ज्ञ राग मानणार नाही.

आता वाट कधी पाहू नये, याविषयी. तुमच्या बाळाला, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांतील कोणत्याही बाळाला ताप आला, अंग गार पडले किंवा त्याने नीट पिणे सोडले, तर घरी डॉक्टर बोलावू नयेत. सरळ रुग्णालयात न्यावे, कारण या वयात रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर वगळण्यासाठी लागणाऱ्या तपासण्या घरी होत नाहीत. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा तापही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावा. मोठ्या मुलांमध्ये छातीखाली खड्डा पडणे, कण्हत श्वास घेणे, ओठ निळसर होणे, मूल निपचित पडणे किंवा उठवूनही नीट न उठणे, प्रत्येक वेळी प्यायलेले उलटून पडणे, सहा ते आठ तासांत लघवी न होणे आणि झटका येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तरी तेच करावे. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालू नये, वेळ पाहावी आणि तो पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीने १०८ क्रमांकावर फोन करावा.

उत्तर : सहा वर्षांच्या मुलाचे वडील, हुडकेश्वर

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टींत मला एक भर घालायची आहे, कारण ती आम्ही फार जवळून पाहिली.

आमच्या मुलाला पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. तीन दिवस भरपूर ताप होता आणि चौथ्या दिवशी सकाळी तो उतरला, त्यामुळे घरात सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. दुपारी तो पोट दुखते म्हणू लागला, दोन-तीन उलट्या झाल्या आणि गप्प-गप्प पडून राहिला. ताप नसल्यामुळे आम्हाला ते अपचन वाटले आणि आम्ही घरी येणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी केली. ‘अर्ध्या तासात येतात’ हे उत्तर आम्हाला दोन तास मिळत राहिले. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी मुलाचे हात-पाय हातात घेतले, ते गार लागले, नखावर दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले आणि बॅग न उघडताच ‘आत्ता निघा’ असे सांगितले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु ते दोन तास मी कधीही विसरू शकत नाही.

रुग्णालयात आम्हाला सांगण्यात आले की, डेंग्यूमध्ये धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आणि मुलाची सुस्ती ही त्याची लक्षणे आहेत, आणि अशा तापात पॅरासिटामॉलखेरीज आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसारखी औषधे देऊ नयेत. मूल पाच दिवस दाखल होते आणि पूर्ण बरे झाले. नागपुरात ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत ज्याच्या घरी मुलाला ताप आहे, त्याने ताप उतरल्याच्या दिवशी मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हे लिहिले.

उत्तर : एक आजी, महाल

माझी मुले लहान होती तेव्हा आमच्या वाड्यात डॉक्टर येत असत. संध्याकाळचा दवाखाना आटोपला की ते सायकलवरून, पुढे स्कूटरवरून येत, हात धुण्यासाठी गरम पाणी मागत आणि मग मुलाजवळ बसत. ते आमच्या तिन्ही मुलांना जन्मापासून ओळखत होते, कोणाला कोणते औषध सोसत नाही हे त्यांना पाठ होते, त्यामुळे त्यांना नव्याने काही विचारावे लागत नसे. आता अनोळखी डॉक्टर पहिल्यांदाच घरी येतो, तेव्हा ती ओळख कागदावर तयार ठेवणे आपले काम आहे. लसीकरणाचे कार्ड, मागच्या चिठ्ठ्या, शेवटचे वजन आणि तापाची वेळेसह नोंद, एवढे एका फाइलमध्ये असावे. माझी सून तसेच करते.

आणखी एक विचारून पाहा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, दुपारी दवाखाना बंद होण्याच्या वेळी शेवटचा नंबर देता का, असे फोनवर विचारा. पुष्कळ जण नवजात बाळ घरात आहे म्हटले की देतात.

उत्तर : आशा कार्यकर्ती, उत्तर नागपूर

ताई, तुमचे बाळ पाच आठवड्यांचे आहे, म्हणून लिहिते. आजारी मुलासाठी घरी डॉक्टर येणे ही वेगळी गोष्ट आहे, परंतु नवजात बाळ निरोगी असतानाही त्याला घरी जाऊन पाहण्याची पद्धत सरकारी आरोग्यसेवेत आहे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. बाळाचे वजन करतो, ताप पाहतो, श्वास मोजतो, नाळेची जागा पाहतो, ते कसे पिते ते पाहतो आणि धोक्याचे लक्षण दिसले तर त्याच वेळी रुग्णालयात पाठवतो. शहरात आमचे काम मुख्यतः वस्त्यांमध्ये असते, त्यामुळे तुमच्या इमारतीत कोणी आले नसेल. तरीही बेचाळिसावा दिवस अजून यायचा आहे. जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. सहा आठवड्यांची लस द्यायला तुम्हाला जावेच लागेल, तेव्हा वजनही करून घ्या.

घरी येणाऱ्या डॉक्टरांबद्दल एकच सांगते. आमच्या वस्तीत डॉक्टर म्हणवून सुई टोचणारे लोक फिरतात, आणि आया त्यांना विश्वासाने बोलावतात. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला कोणीही लाजू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर : दोन लेकरांची आई, मनीषनगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजींच्या सल्ल्याप्रमाणे आज दवाखान्यात फोन केला. तेथील कम्पाउंडरने सांगितले की, दुपारी दीड वाजता शेवटचा नंबर देता येईल आणि बाळ सोबत असेल तर आम्ही गाडीतच थांबावे, आमची वेळ झाली की ते फोन करतील. ही सोय आधीपासून होती. मी विचारलेच नव्हते. हुडकेश्वरच्या भाऊंचे लिहिणे सासूबाईंना वाचून दाखवले आणि आम्ही दोघींनी मिळून मुलीचे श्वास मोजून पाहिले. झोपेत २४ भरले.

घरी डॉक्टर बोलावण्याची वेळ पुन्हा येईलच, कारण रात्री मुलगी आजारी पडली तर माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही. त्या वेळी नोंदणी करतानाच डॉक्टरांची पदवी व नोंदणी क्रमांक मागेन आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो पाहून घेईन. आता एकच शंका उरली आहे. बाळाचा ताप नेमका कोठे आणि कसा मोजावा? कपाळावर धरायचे यंत्र आमच्याकडे आहे, पण ते दर वेळी वेगळा आकडा दाखवते.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, धंतोली

बाळासाठी साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी करून त्याचे टोक काखेच्या मध्यभागी कातडीला टेकवा, बाळाचा हात छातीशी धरून ठेवा आणि आवाज होईपर्यंत काढू नका. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले असेल किंवा नुकतेच पिऊन झाले असेल, तर कपडे सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. दुसऱ्या वेळीही काखेतील आकडा ९९.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक आला, अथवा बाळ उबेत असूनही ९५.९ च्या खाली राहिला, तर कोणतेही औषध न देता निघा. तुमच्याकडून वर्धा रोडने मिहानमधील एम्स आणि अजनीच्या बाजूने मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, दोन्ही ठिकाणी चोवीस तास तातडीचा विभाग सुरू असतो. निघताना बाळाला अंगाशी धरून पाजत न्या आणि मुलीला सासूबाईंजवळ ठेवा.