प्रबंधात ‘कॅरी आउट’ चालतं का? सगळीकडे ‘कंडक्ट’ घालू?

निळी_शाई
पर्यावरणशास्त्राचा एमएस्सीचा प्रबंध इंग्रजीत लिहिते आहे. कार्यपद्धतीच्या प्रकरणात ‘कॅरीड आउट’ ११ वेळा आलंय. अकराही ठिकाणी लाल रेघ आणि समासात शेरा: ‘औपचारिक लेखनात फ्रेझल व्हर्ब (‘आउट’, ‘अप’ असा शब्द जोडलेलं क्रियापद) नको.’ सरसकट ‘कंडक्टेड’ केलं तर चालेल का? नमुन्याची तीन वाक्यं:

१) अ सर्व्हे वॉज कॅरीड आउट ऑन २०० हाउसहोल्ड्स.
२) अ‍ॅनॅलिसिस ऑफ द वॉटर सॅम्पल्स वॉज कॅरीड आउट.
३) द डिसिजन टू एक्स्क्लूड थ्री वेल्स वॉज कॅरीड आउट आफ्टर द फर्स्ट व्हिजिट.

समासटीप
सरसकट बदलू नका. तुमच्या तिन्ही वाक्यांचं दुखणं वेगवेगळं आहे, आणि औपचारिकपणाशी त्यातल्या एकाचाही संबंध नाही.

आधी औपचारिकपणाचं बघू. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतलं कलम २५ काढून पाहा. सुरक्षा परिषदेचे निर्णय सदस्य राष्ट्रं ‘अ‍ॅक्सेप्ट अँड कॅरी आउट’ करतील, असे तिथले शब्द आहेत. आपल्या माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २७ मध्ये सरकारला नियम करण्याचा अधिकार दिलाय तो ‘टू कॅरी आउट द प्रोव्हिजन्स ऑफ धिस अ‍ॅक्ट’, म्हणजे तरतुदी अमलात आणण्यासाठी. ब्रिटनच्या १९९० च्या नगररचना कायद्यात ‘डेव्हलपमेंट’ची व्याख्याच ‘द कॅरिंग आउट ऑफ बिल्डिंग, इंजिनिअरिंग, मायनिंग…’ अशी सुरू होते. सनदेला आणि कायद्याला जे चालतं, ते प्रबंधाला खुशाल चालावं.

शेऱ्यामागचा नियम अर्धा खरा आहे. ‘फाइंड आउट’च्या जागी ‘डिटरमिन’, ‘गो अप’च्या जागी ‘इन्क्रीज’, ‘पुट अप विथ’च्या जागी ‘टॉलरेट’ हे बदल जरूर करा. ती बोलण्यातली क्रियापदं आहेत. पण ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आउट’ ही शास्त्रीय लेखनात पूर्वीपासून रुळलेली आहेत. क्रियापदामागे ‘आउट’, ‘अप’ दिसलं की खोडायचं, ही फार ढोबळ चाळणी झाली.

आता वाक्य ३. ते चूकच आहे. ‘कॅरी आउट अ डिसिजन’ म्हणजे निर्णय अमलात आणणे. तुम्हाला म्हणायचंय निर्णय घेतला. त्याला ‘मेड’ किंवा ‘टेकन’. तिथे ‘कंडक्टेड’ घातलं असतं तर वाक्य आणखी बिघडलं असतं, कारण ‘कंडक्ट अ डिसिजन’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही.

दोन_भाषा
वाक्य २ बद्दल मला जास्त बोलायचंय, कारण हा दोष खास आपला आहे.

मराठीत आपण नाम घेतो आणि त्याला ‘करणे’ जोडतो: सर्वेक्षण करणे, विश्लेषण करणे, मोजमाप करणे, तुलना करणे. मराठीत हे अगदी नैसर्गिक. इंग्रजीत लिहिताना हाच साचा हातात येतो. ‘डिड अ‍ॅनॅलिसिस’ बाळबोध वाटतं म्हणून ‘करणे’च्या जागी ‘कॅरी आउट’ बसवलं जातं. पण इंग्रजीत बहुतेक अशा नामांना स्वतःचं क्रियापद असतं: अ‍ॅनलाइझ, मेझर, कम्पेअर, एस्टिमेट. ते असताना नाम वापरून त्याला ‘कॅरीड आउट’ची काठी द्यायची गरज नाही.

तुमचं वाक्य ८ शब्दांचं आहे. ‘द वॉटर सॅम्पल्स वेअर अ‍ॅनलाइझ्ड’ हे ५ शब्दांत तेच सांगतं, आणि उरलेल्या जागेत खरी माहिती येते: ‘फॉर नायट्रेट अँड फ्लोराइड’. ‘अ‍ॅनॅलिसिस वॉज कॅरीड आउट’ लिहिलं की वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं आणि कशाचं, कशाने, किती वेळा हे लिहायचं राहून जातं. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

कसोटी सोपी आहे. ‘कॅरी आउट’च्या पुढच्या नामाचं क्रियापद होतं का? होत असेल तर ते वापरा. होत नसेल (एक्स्पेरिमेंट, फील्डवर्क, ट्रायल, यांतल्या काहींची क्रियापदं आहेत, पण अर्थ सरकतो), तर ‘कॅरी आउट’ राहू द्या.

आणखी एक, थोडं बाजूचं. ‘आउट’कडे उपसर्गासारखं बघा. संस्कृतात ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, विहार, परिहार होतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. इंग्रजीत हेच काम क्रियापदाच्या मागून होतं. म्हणून ‘आउट’ गाळलं तर अर्थच जातो: ‘द सर्व्हे वॉज कॅरीड बाय स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थ्यांनी सर्वेक्षण उचलून नेलं.

लाल_पेन
वरचं दोन्ही पटलं. फक्त पर्यायी क्रियापदांबद्दल सांगतो, कारण तीही एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

‘कंडक्ट’ सर्वेक्षण, मुलाखत, चौकशी, प्रयोग यांना. ‘परफॉर्म’ शस्त्रक्रिया, चाचणी, आकडेमोड यांना. ‘इम्प्लिमेंट’ धोरण, योजना, शिफारस यांना. ‘अंडरटेक’ म्हणजे काम अंगावर घेणे. ते पूर्ण झालं की नाही हे त्यातून कळत नाही, म्हणून संपलेल्या कामाला मी ते टाळतो. ‘एक्झिक्यूट’ जपून वापरा: ‘एक्झिक्यूट अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे करारावर सही करून तो निष्पादित करणे, आणि ‘कॅरी आउट अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे त्यातल्या अटी पाळणे. आदेश, सूचना, धमकी यांना ‘कंडक्ट’ किंवा ‘परफॉर्म’ लागत नाही. तिथे ‘कॅरी आउट’च हवं.

वाक्य १ मधलं ‘ऑन’ बदला. प्रयोग उंदरांवर होतो, म्हणून ‘एक्स्पेरिमेंट ऑन’. सर्वेक्षण कुटुंबांचं होतं: ‘अ सर्व्हे ऑफ २०० हाउसहोल्ड्स वॉज कॅरीड आउट’. माणसांमधलं असेल तर ‘अमंग’.

शब्दांची जागा: कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच, ‘कॅरी इट आउट’. ‘कॅरी आउट इट’ चूक. कर्म लांब असेल तर मधे घालू नका, ‘आउट’पर्यंत पोचेस्तोवर वाचक दमतो. क्रियाविशेषण ‘कॅरीड’ आणि ‘आउट’ यांच्यात नको: ‘केअरफुली कॅरीड आउट’ बरोबर, ‘कॅरीड केअरफुली आउट’ नाही.

निळी_शाई
खूप उपयोग झाला. अकरांपैकी सहा ठिकाणी सरळ क्रियापद बसलं, एका ठिकाणी ‘मेड’. उरलेल्या चार ठिकाणी ‘फील्डवर्क’ आणि ‘सर्व्हे’ आहे. एक शंका: ‘द मॉनिटरिंग वॉज कॅरीड ऑन फॉर सिक्स मंथ्स’ इथे ‘ऑन’ की ‘आउट’?

समासटीप
‘आउट’. किंवा सरळ ‘द वेल्स वेअर मॉनिटर्ड फॉर सिक्स मंथ्स’. ‘कॅरी ऑन’ म्हणजे चालू ठेवणे, चालवणे. आपल्या संविधानाच्या कलम १९(१)(छ) मध्ये व्यवसाय, व्यापार ‘कॅरी ऑन’ करण्याचा हक्क आहे. धंदा हा चालत राहणारा. तुमचं निरीक्षण ठरावीक मुदतीत संपलेलं काम आहे.

उरलेल्या चार ठिकाणी शेरा पुन्हा आलाच तर ‘कंडक्टेड’ करून टाका. फील्डवर्क आणि सर्व्हे दोन्हींना ते शोभतं, त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

शेवटी सगळ्या फाइलमध्ये ‘कॅरी’ची पहिली चार इंग्रजी अक्षरं, सी-ए-आर-आर, शोधा. कॅरी, कॅरीज, कॅरीड, कॅरिंग सगळी एकदम सापडतील. काळही तेव्हाच तपासा: संशोधन आराखड्यातला ‘विल बी कॅरीड आउट’ प्रबंधात तसाच उतरलेला असतो.