राउटर बदलल्यापासून कॅमेरा ऑफलाइन

नवा राउटर लावल्यापासून कॅमेरा ‘ऑफलाइन’ दाखवतो आणि आता रीसेट करणार, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा, रीसेट सगळ्यात शेवटी.

घरगुती वायफाय कॅमेरे बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतात. बरेच नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने देतात, आणि तिथेच काही कॅमेरे अडतात. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. २.४ला जुन्या राउटरचंच नाव आणि पासवर्ड, अक्षर न् अक्षर तेच ठेवा. तिथेच सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या सुरक्षेचा प्रकार, डब्ल्यूपीए२ असू द्या. बहुधा कॅमेरा आपणहून जोडला जाईल.

आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, तेवढ्याने भागलं नव्हतं. आई तिथे एकटी असते, त्यामुळे कॅमेरा बंद दिसला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. दिवसा नीट चाले, संध्याकाळी मान टाके. शेवटी आईच फोनवर म्हणाली, “अरे, दिवेलागणीला तो सारखा टिकटिक करतो.” तेव्हा उलगडा झाला. अंधार पडला की भिंगामागचा, इन्फ्रारेड प्रकाश अडवणारा फिल्टर सरकतो, त्याची ती टिक. मग अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त लागते. मूळ अडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअरचा होता. त्याजागी कुणीतरी मोबाइलचा जुना १ अँपिअरचा चार्जर लावलेला, वर पाच मीटरची बारीक केबल. दिवे लागले की व्होल्टेज पडे, कॅमेरा रीस्टार्ट होई, पुन्हा टिक.

तुमचा कॅमेरा रात्रीच जातो का, तेवढं बघून कळवा. आणि रीसेट करायचाच झाला तर आधी मेमरी कार्ड काढून ठेवा.