वर्गणी, देणगी, विलंबशुल्क: परस्परांशी न जोडलेल्या तीन टेबलांचा एकच मासिक अहवाल कसा काढावा?

प्रश्न
नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा हिशेब मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. वर्गणी, देणगी आणि विलंबशुल्क अशी तीन टेबले आहेत. त्यांना जोडणारी ‘की’ (सामाईक ओळखीचा कॉलम) नाही, कारण देणगीदार हा सभासद असतोच असे नाही. कार्यकारिणीला मात्र महिन्याची तिन्ही प्रकारची जमा एकाच कागदावर हवी आहे. तारखेतील महिना घेऊन मी जॉइन केले (टेबलांच्या ओळी जुळवून शेजारी जोडल्या), तर बेरीज कीर्दीपेक्षा कितीतरी पट जास्त येते. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर १
महिना ही या नोंदींची ओळख नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. एका महिन्यात वर्गणीच्या 3 आणि देणगीच्या 4 नोंदी असतील, तर जॉइनमध्ये प्रत्येक नोंद समोरच्या प्रत्येक नोंदीशी जुळून 12 ओळी तयार होतात. म्हणजे वर्गणी चौपट आणि देणगी तिप्पट दिसते, आणि तिसरे टेबल जोडताच हा गुणाकार आणखी वाढतो. त्यावर डिस्टिंक्टचा (सारख्या ओळी एकदाच घेण्याचा) उपाय कृपया करू नका, त्याने खऱ्या नोंदीही गळतात. येथे टेबले शेजारी जोडायची नसून एकाखाली एक रचायची आहेत. प्रत्येक टेबलातून तारीख, प्रकार आणि रक्कम असे तीनच कॉलम घ्या, मधे यूनियन ऑल लिहा आणि त्या एकत्रित यादीवर ग्रुप बाय करून (गट पाडून) महिना आणि प्रकारानुसार बेरीज काढा.

उत्तर २
त्यातील ‘ऑल’ विसरू नका. एकाच दिवशी दोन सभासदांनी 50 रुपये वर्गणी भरली असेल, तर नुसते यूनियन त्यांतील एक नोंद काढून टाकते. शिवाय यूनियन कॉलमांची नावे न पाहता त्यांचा क्रम पाहते, म्हणून तिन्ही सिलेक्टमध्ये तोच क्रम ठेवा. गट करताना वर्षही घ्या, नाहीतर दोन वर्षांचे एप्रिल एकत्र होतील.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. कीर्दीशी मेळ पैशापर्यंत बसला. मात्र ज्या महिन्यात काहीच जमा नाही, तो महिना अहवालात येतच नाही.

उत्तर १
एप्रिल ते मार्च अशा 12 महिन्यांचे छोटे टेबल करा आणि त्याला ही बेरीज लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे जुळणारी नोंद नसली तरी महिना राहतो. रिकाम्या जागी कोअलेस वापरून शून्य येईल. आपली आवृत्ती 8.0 किंवा त्यापुढची असेल, तर रिकर्सिव्ह सीटीईने (स्वतःलाच पुन्हा वापरून ओळी वाढवणाऱ्या तात्पुरत्या टेबलाने) ही यादी क्वेरीतच तयार करता येते.