सेनेफ (11 ऑगस्ट 1674): दुपारनंतरचं काय?

सेनेफची (हे गाव आज बेल्जियममध्ये आहे) लढाई म्हणजे फ्रेंच सेनापती काँदेचा 'निर्विवाद विजय', असं काही जण म्हणतात. दुपारपर्यंत खरंच तसं होतं. डच सेनापती विल्यम ऑफ ऑरेंजचं साठेक हजारांचं डच-स्पॅनिश-ऑस्ट्रियन सैन्य तीन रांगांत लांबलचक पसरून चाललं होतं. काँदेने पिएताँ ओढ्यामागची भक्कम छावणी सोडून त्याची पिछाडी गाठली, घोडदळ उधळलं, सामानाचे गाडे लुटले. इथे थांबला असता तर स्वस्तात भागलं असतं.

पण पुढे फाय गावाजवळ कुंपणं, बागा आणि घरं यांच्या आडोशाने विल्यमचं पायदळ ठाण मांडून बसलं होतं. अशा जागी घोडदळ फारसं कामाचं नाही. फ्रेंच पायदळाने एकेक कुंपण हिसकावून घ्यायचं, तेही समोरून. दोस्तांच्या (म्हणजे विल्यमच्या संयुक्त सैन्याच्या) पुढे गेलेल्या तुकड्याही तोवर मागे वळून मदतीला आल्या. तरी काँदे रात्रीपर्यंत हल्ले करतच राहिला (हट्टच, दुसरं काय!). त्याची सुमारे दहा हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली, समोरच्यांची त्याहून जास्त. मग दोघेही मागे हटले.

हाती काय लागलं? फ्रान्सवरची स्वारी टळली, एवढं काँदेच्या पदरात टाकता येईल. पण सप्टेंबरात हेच दोस्त फ्रेंचांच्या ताब्यातल्या औदेनार्द शहराला वेढा घालून बसले होते. तो काँदेने उठवला, तोही मोठी लढाई न करता.