फाशी द्या म्हणणाऱ्यांनो, आधी कॅज्युअल्टीचं दार पाहा

निवृत्त_सिस्टर
काल 'पांढराबोडी' यांनी लिहिलं की लैंगिक अत्याचारावरचं संशोधन म्हणजे पैशाचा चुराडा, सेमिनार करून कोणी वाचत नाही. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्या नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीतल्या बायांनी अत्याचाराचा आरोप असलेल्या अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच ठार मारलं, तोच खरा इलाज, नाहीतर फाशी. खाली नुसत्या टाळ्या. माझी सगळी नोकरी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेली, मला गप्प बसवत नाही.

त्या बाया हौसेनं कोर्टात नाही गेल्या. वर्षानुवर्षं त्यांचं कोणी ऐकलं नाही म्हणून ती वेळ आली. आणि अक्कू गुंड होता, अख्ख्या वस्तीला माहीत होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदींचे अहवाल काढून बघा: बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा. दीर, शेजारी, शिकवणीचे सर. त्याला कोणत्या जमावापुढं ओढणार? "तुझ्या तोंडानं काका फासावर जाईल" असं आईनंच पोरीला दटावताना मी ऐकलंय. पोरगी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीनंही २०१३ मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती.

संशोधनानं काय दिलं विचारता? एक बाई आली होती, अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पन्नीत गच्च बांधून. दोन दिवस आधी दुसऱ्या एका दवाखान्यात गेली होती, तिथं म्हणाले आधी पोलिसांचं पत्र आण. पन्नी उघडली तर कपड्यांना बुरशी. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, एवढंही तिला कोणी सांगितलं नव्हतं. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. त्यातले बहुतेक तास त्या पत्राच्या मागं गेले होते.

'दोन बोटांची तपासणी', म्हणजे बाईला शरीरसंबंधाची सवय आहे का ते योनीत बोटं घालून ठरवणं, आपोआप नाही थांबली. इथून तासाभरावरच्या सेवाग्रामला डॉ. इंद्रजित खांडेकरांनी या तपासण्या कशा होतात याचा अभ्यास केला, त्यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१४ ला केंद्राच्या सूचना आल्या. २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी. हे संशोधन आहे भाऊ, सेमिनारचा समोसा नाही.

पांढराबोडी
ताई, तुमचा मान राखून बोलतो. तपासणी बंद झाली, चांगलं झालं, मानलं. पण तपासणी झाल्यावर पुढं काय? केस वर्षानुवर्षं चालते, साक्षीदार फिरतात, आरोपी मोकळा फिरून राहिला. आमच्या वस्तीतली एक पोरगी तारखेला जाऊन जाऊन थकली, बापानं शेवटी मिटवून टाकलं. तिले तुमचा अहवाल वाचून दाखवू का?

पारिजातक
आरोपी मोकळा का फिरतो, याचंही उत्तर संशोधनातच आहे. देसाईगंजचं १९७२ चं प्रकरण आपल्या विदर्भातलं. आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यातच अत्याचार. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, हे त्यातलं मोठं कारण. स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर उपचाराला आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ ला छापून आला. ७० टक्के स्त्रियांना त्या वेळी शरीर थिजल्याचा ठळक अनुभव आला होता. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. आजही उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच: ओरडली का नाहीस?

कोर्टातला_एक
स्टॉकहोम राहू द्या. खोट्या केसेसवर कोणी का बोलत नाही? लग्न मोडलं की गुन्हा. आता तर दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ वेगळंच आणलं, लग्नाचं खोटं वचन, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. माझा भाचा आठवडाभर आत होता. नंतर मुलीनंच समझोता केला. त्याची नोकरी गेली ती गेलीच.

पारिजातक
भाच्याचं वाईट वाटतं. पण इथं विषय तो नाही.

कोर्टातला_एक
विषय कोणता ते तुम्ही ठरवणार? मी रोज बार रूममध्ये बसतो, तुम्ही वातानुकूलित खोलीत बसून पेपर वाचता.

पारिजातक
याच शहरातल्या खंडपीठातून जानेवारी २०२१ ला निकाल आला होता की कपड्यावरून हात लावला तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, लैंगिक हल्ला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी तो रद्द करावा लागला. तुमच्या बार रूममध्ये तेव्हा किती जण बोलले?

कोर्टातला_एक
मी बोललो होतो. तो निकाल चूकच होता. म्हणून कलम ६९ बरोबर ठरत नाही.

पांढराबोडी
वकीलसाहेब, माझा धागा तुमच्या भाच्यानं खाल्ला राव.

गोधनी_रोड
मी इथं फारसं लिहीत नाही. सगळे "मुली, बाया" म्हणून राहिले. केंद्र सरकारनं २००७ ला मुलांवरच्या अत्याचाराचा अभ्यास छापला. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. मी त्या वयात शिकवणीच्या सरांकडे जायचो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, पोरगा आहेस, विसरून जा. पोक्सोत आज मुलगा-मुलगी भेद नाही. पण अठरा ओलांडलेल्या पुरुषावर बलात्कार झाला तर न्याय संहितेत त्याच्यासाठी कलमच नाही, जुन्या दंड संहितेतलं अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७ गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. वकीलसाहेब, यावर बार रूममध्ये बोला.

चाळिशीत झोप उडाली तेव्हा उपचार घेतला. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंची पद्धत आहे. प्रशिक्षित माणसापुढं तीच आठवण पुन्हा पुन्हा, सावकाश सांगायची, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. पहिले काही आठवडे हाल झाले. आता त्या गल्लीतून स्कूटर नेतो.

कोर्टातला_एक
तुमचं कलमाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. ती पोकळी खरी आहे.

निवृत्त_सिस्टर
गोधनी रोड, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं. एक जोडते, कारण घरचे लोक उलटं करतात: घटनेनंतर लगेच माणसाला बसवून "सगळं सांग" म्हणायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचना तसंच सांगतात. तिला बोलायचं तेवढंच ऐकायचं, पाणी द्यायचं, सोबत बसायचं. चार नातेवाइकांसमोर वदवून घेणं आणि उपचार, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पांढराबोडी
फाशीवरचं माझं मत काही बदललं नाही, सांगून ठेवतो. पण ते पत्राचं डोक्यातून जात नाही. दवाखाना असा परत पाठवू शकतो का? वस्तीतल्या बायांना काय सांगू?

कोर्टातला_एक
नाही पाठवू शकत. सरकारी असो की खासगी, लगेच आणि फुकट उपचार द्यावेच लागतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. नाही दिले तर न्याय संहितेचं कलम २००, दवाखान्याच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. पोलिसांना कळवणं दवाखान्याचं काम, बाईनं पत्र आणायचं नाही. ठाण्यात ऐकलं नाही तर पोलीस आयुक्तांकडे लेखी द्या, पोच घ्या. मनोधैर्य ही पीडितांना मदत देणारी राज्य सरकारची योजना, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात.

निवृत्त_सिस्टर
आणि कपडे पन्नीत नको, धुवायचेही नाहीत. हे बायांना आजच सांगा.